इमॅजिका आणि साईतीर्थ: तीन पिढ्यांना घेऊन पुन्हा जायचं तर कुठं?

करवीरकन्या:
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे सगळे खोपोलीच्या इमॅजिकाला जाऊन आलो, आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात शिर्डीच्या साईतीर्थला. दोन्ही पार्क आता एकाच घरची आहेत. इमॅजिका २०१३ मध्ये मनमोहन शेट्टींनी सुरू केलं आणि २०२२ मध्ये ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आलं. शिर्डीचं साईतीर्थ आणि त्याच्या शेजारचं वेट एन जॉय हे वॉटर पार्क मालपाणींनीच उभं केलेलं. त्यामुळं सख्ख्या बहिणी नव्हेत, एका घरात आलेल्या जावा म्हणा. स्वभाव दोघींचे अगदी निराळे.

आमच्यात सासूबाई (त्यांना आम्ही आत्ती म्हणतो, गुडघे दुखरे), आमचे हे, मुलगा आठवीत, मुलगी दुसरीत, आणि मी.

इमॅजिकात शिरल्यावर अर्ध्या तासात आमचे तीन भाग झाले. नायट्रो या मोठ्या रोलर कोस्टरच्या रांगेच्या तोंडाशी उंचीची पट्टी आहे. मुलगा त्या रेषेच्या वर गेला, मुलगी खाली राहिली. तिनं टाचा उचलल्या, तिथल्या पोरीनं हसत तिच्या खांद्यावर हात ठेवून पाय टेकवायला लावले आणि बाजूला घेतलं. मग हे आणि मुलगा तिकडं, मी मुलीला घेऊन टबी हत्तीच्या लहान पाळण्यांकडं, आणि आत्ती म्हणाल्या, "मी बसतो हितं सावलीला, तुमी जावा." दिवसभर आमचे फोन चालू: तुम्ही कुठं, आम्ही इथं. सगळे एका ओळीत बसलो ते फक्त 'आय फॉर इंडिया'मध्ये. खुर्च्या उचलून पडद्यासमोर नेतात, पाय लोंबकळतात आणि हेलिकॉप्टरमधून बघावं तसा खाली देश दिसत जातो. आत्तींनी माझं मनगट असं धरलं होतं की बांगडीचा वळ उठला. बाहेर आल्यावर त्या पाच मिनिटं नुसत्या हसत होत्या.

साईतीर्थला उलटं. तिथं बहुतेक सगळं बसून बघायचं. 'तीर्थयात्रा'मध्ये गाडीत बसून देशभरातल्या देवळांच्या प्रतिकृतींमधून नेतात. आत्ती प्रत्येक देवळाला हात जोडत होत्या. 'लंकादहन'ला खुर्च्या हलतात, तोंडावर वारा येतो, मुलगी आनंदानं किंचाळत होती. दिवसभर पाचही जण एकत्र. फक्त मुलाचा चेहरा दुपारनंतर उतरला. भिंतीपलीकडून वॉटर पार्कमधला आरडाओरडा ऐकू यायचा आणि हा विचारायचा, "आई, आता पुढं काय?"

माझं मत असं झालंय की पार्कची किंमत पाळण्यांच्या संख्येवर करू नये. जो पाळण्यात बसणार नाही त्याचा दिवस तिथं कसा जातो, त्यावर करावी. त्या हिशेबानं मला साईतीर्थ उजवं वाटलं.

आता येत्या मे महिन्यात दीर-जाऊ, गडहिंग्लजची नणंद, तिची मुलं असा मोठा गोतावळा जमतोय. सर्वांत लहान भाचा तीन वर्षांचा. तुमचे अनुभव सांगा. या सगळ्यांना घेऊन कुठं जावं?

पेठेतला_गडी:
वहिनी, मत पटलं न्हाई, स्पष्ट सांगतो. कोल्हापुरातनं तीनशे किलोमीटर जायचं आणि हिशेब काय, तर जो बसणार न्हाई त्याचा? पोरगं आठवीत हाय. या वयात नायट्रोला न्हाई बसायचं तर कवा बसायचं? आमी दोस्त मंडळी गेल्तो. पहिल्या उतारावर जो आवाज निघाला त्यो पंचगंगेपतूर आला असंल. लई भारी. साईतीर्थला आजी-आजोबांना न्या, पोरांना खोपोलीला सोडा. सगळ्यांनी एकाच ताटात जेवलं पायजे असं कुठं लिवलंय?

रंकाळ्याची_हवा:
करवीरकन्याताईंना +१. माझ्या वडिलांनी अशा एका सहलीत दिवसभर सगळ्यांच्या पिशव्या आणि चपला राखल्या. घरी आल्यावर म्हणाले, छान झालं. त्या 'छान'चा अर्थ मला बरंच नंतर कळला.

उद्यमनगरी:
ताई, मी शिरोली एमआयडीसीत कास्टिंगच्या (धातूच्या ओतकामाच्या) धंद्यात आहे. मुलीला पट्टीवर थांबवलं ते वाचलं. तिला एवढं जरूर समजावून सांगा: त्या पट्टीचा वयाशी संबंध नाही, धाडसाशी तर नाहीच. नायट्रोला खांद्यावरून खाली येऊन छातीपाशी अडकणारं बंधन असतं. ते ठराविक मापाच्या अंगासाठी केलेलं. अंग त्याहून लहान असलं की फट राहते, आणि गाडी उलटी झाली की माणूस त्या फटीतून सरकायला लागतो. त्यामुळं बोटभर कमी भरला तरी माघारी पाठवतात आणि तेच बरोबर आहे. ज्या पार्कात पट्टीवरच्या माणसाशी हुज्जत घालून पोरगं आत सोडता येतं, तिथं मी माझी मुलं नेणार नाही.

नायट्रो फ्लोअरलेस जातीचा रोलर कोस्टर आहे. स्टेशनात पायाखाली जमीन असते, गाडी सुटायच्या आधी ती बाजूला होते आणि पाय मोकळे लोंबतात. उंची सुमारे ४० मीटर, पाच वेळा उलटा होतो. पहिल्या चढावर साखळी गाडीला ओढत वर नेते आणि माथ्यावर सोडून देते. तिथून पुढं गाडीला इंजिन नाही. पुढचा सगळा खेळ त्या एका उंचीवर कमावलेल्या शक्तीचा. वाटेत घर्षण आणि हवा आपला वाटा खातात, म्हणून पुढचा एकही चढ पहिल्याइतका उंच ठेवता येत नाही.

उलटं झाल्यावर गाडी रुळावरून सुटत का नाही, हे मला सगळेच विचारतात. चाकं तीन बाजूंनी रुळाला धरून असतात: एक संच रुळाच्या वर, एक कडेला आणि एक खालून. आणि गोल दिसणारा तो लूप खरं तर गोल नसतो, पाण्याच्या थेंबासारखा असतो. वर वळण घट्ट, खाली सैल. पूर्ण गोल केला तर लूपमध्ये शिरताना मानेवर एकदम फार मोठा भार येईल. शिवाय रुळाचे टप्पे पाडलेले असतात, एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी. पुढचा टप्पा रिकामा झाल्याचं सेन्सरनं कळवल्याशिवाय मागची गाडी सुटत नाही, रेल्वेच्या सिग्नलचंच तत्त्व. असे कोस्टर रोज सकाळी लोकांना सोडण्याआधी रिकामे फिरवून बघायची पद्धत आहे, आणि जोडांतले बारीक तडे शोधायला अल्ट्रासॉनिक तपासणी करतात. आम्ही कास्टिंगसाठी वापरतो तीच.

हे सगळं मी माझ्या मुलाला रांगेत उभं असताना सांगत होतो. मागचे पुढचे चार अनोळखी लोक ऐकायला सरकले. रांग कशी संपली कळलं नाही. म्हणून सांगतो, रांगेचा वेळ वाया जात नाही, गप्पा मारणारं माणूस बरोबर पाहिजे.

पेठेतला_गडी:
उद्यमनगरी दादा, नादच खुळा! आता पुढच्या खेपंला तुमच्या शेजारच्या सीटवर बसणार. वर गेल्यावर पण सांगत ऱ्हावा.

शाहूपुरीतला_डॉक्टर:
थोडक्यात लिहितो. उच्च रक्तदाब, हृदयविकार, मानेचा किंवा कण्याचा जुना त्रास, अपस्माराचा इतिहास, नुकतंच झालेलं ऑपरेशन आणि गरोदरपण यांत मोठे पाळणे पूर्ण टाळा. फक्त रोलर कोस्टर नव्हे, खुर्च्या हलवणारे शोसुद्धा मानेला झटके देतात. ते बसून बघायचे असतात म्हणून निर्धोक समजले जातात. आजींना नेताना दारावरचा सूचनाफलक वाचा. सकाळची रक्तदाबाची गोळी प्रवासाच्या गडबडीत राहते, ती पर्समध्ये वेगळी ठेवा. आणि लहानांना पाणी पाजत राहा. ओल्या अंगानं खेळणाऱ्या मुलांना तहान जाणवत नाही, पण घाम जात असतो.

मास्तर_भुदरगड:
आमच्या शाळेची सहल खोपोलीला नेली होती. पोरांनी नायट्रोचं कौतुक केलंच, पण परतीच्या गाडीत सर्वांत जास्त चर्चा 'राजासॉरस'ची. होडीतून डायनोसॉरच्या जंगलात नेतात आणि शेवटी पाण्यात धाडकन उतरवतात. मी गाडीत पोरांना विचारलं, हा प्राणी खरा की बनवलेला? सगळे म्हणाले बनवलेला.

राजासॉरस खरा आहे आणि आपल्याच देशातला. गुजरातमध्ये तेव्हाच्या खेडा, आताच्या महिसागर जिल्ह्यातल्या रहियोलीला सापडलेल्या हाडांवरून २००३ मध्ये त्याचं राजासॉरस नर्मदेन्सिस असं नामकरण झालं. मांसाहारी, डोक्यावर बुटकं शिंग. त्याचा काळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे दख्खनचा लाव्हा ज्या युगात वाहिला त्याच्या आसपासचा. आपला सह्याद्रीचा काळा दगड त्याच लाव्ह्याचा. गाडी खंबाटकी घाटात होती. मी म्हटलं, खिडकीतून बघा, तो डोंगर त्या जनावराच्या काळातला. पोरं एकमेकांच्या अंगावर पडून बघायला लागली.

करवीरकन्याताई, मोठ्या गोतावळ्यात पाचवी ते दहावीची मुलं किती, त्यावर ठरवा. तीनच्या वर असतील तर इमॅजिका. ती एकमेकांना सांभाळतात आणि मोठ्यांना मोकळं सोडतात.

करवीरकन्या:
मास्तर, मुलाला राजासॉरसचं वाचून दाखवलं. तो म्हणाला, मग तिथं तसं लिहिलं असेल, आपण वाचलं नाही. मोठी मुलं पाच आहेत, म्हणजे तुमच्या नियमानं इमॅजिका. पण तीन वर्षांचा भाचा आणि आत्ती यांचं काय, हा प्रश्न उरतोच.

उद्यमनगरी दादा, लेकीला तुमचं फटीचं उत्तर एकदम पटलं. आता ती दर रविवारी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं उंची मोजते.

बोरिवलीची_माहेरवाशीण:
माझं माहेर कोल्हापूर, सासर बोरिवली. जुनी आठवण सांगते, कारण प्रश्न तोच आहे. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं आणि त्याच्या शेजारी १९९८ मध्ये वॉटर किंगडम. ती खऱ्या अर्थानं जुळी पार्क, एकाच आवारात. कोल्हापूरचे पाहुणे आले की आमच्याकडे दोन तट पडायचे. तरणी मंडळी पाण्यात, बायका आणि म्हातारी माणसं कोरड्या बाजूला. पण तिथं जायला होडी लागायची. खाडीतली होडी, तोंडावर खारा वारा, समोर हळूहळू दिसू लागणारा मोठा पाळणा. त्या होडीत सगळे एकत्र असायचे आणि कितीतरी पाहुण्यांना दिवसभरातलं तेवढंच लक्षात राहिलं. एस्सेलवर्ल्ड २०२२ मध्ये बंद झालं, मला खूप वाईट वाटलं.

सांगायचं एवढंच: पार्कात कुटुंब फुटणारच, तसा त्यांचा घाटच आहे. एकत्र राहण्याची जागा प्रवासात शोधा.

सांगलीची_हळद:
अवांतर: प्रवासाचा विषय निघालाय तर शिदोरीचं बोला. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, हे बहुतेक सगळ्या पार्कांत सारखंच. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही आणि भडंग गाडीत ठेवतो, सकाळी पार्किंगमध्येच भरपेट खातो आणि मग आत जातो. दुपारी आत मुलांना हवं ते एक काहीतरी. संध्याकाळी बाहेर आल्यावर उरलेलं भडंग. भडंग अर्थातच सांगलीचं.

पेठेतला_गडी:
सांगलीचं?? भडंग जयसिंगपूरचं. आणि जयसिंगपूर कुठल्या जिल्ह्यात हाय ते मास्तरांना इचारा.

मास्तर_भुदरगड:
कोल्हापूर जिल्हा, तालुका शिरोळ. पण भडंगाच्या वादात मी पंच होणार नाही. मला दोन्हीकडून डबे येतात.

वारकरी_पावलं:
शिर्डीला जाणाऱ्यांसाठी. कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस दुपारी निघते, पुणे, दौंड, नगर करत कोपरगावला जाते. तिथून शिर्डी अगदी जवळ. मात्र कोपरगाव रात्री उशिरा, उजाडायच्या आधी येतं. लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर उतरल्यावर न्यायला गाडी आधीच ठरवून ठेवा. रस्त्यानं पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागून संगमनेर करत गेलात तर चारशे किलोमीटरच्या वर होतं. एका दिवसात जाऊन-येऊन होत नाही, तसा प्रयत्नही करू नका.

आणखी एक. शिर्डीत मुक्कामाची खोली घेताना तळमजल्याची मागा, तीसुद्धा लेखी. आम्हाला एका लॉजवर (नाव घेत नाही) फोनवर खालची खोली कबूल केली आणि पोचल्यावर तिसऱ्या मजल्यावरची दिली, लिफ्ट बंद. वडिलांना खुर्चीत बसवून आम्ही भावांनी वर नेलं. दुसऱ्या दिवशी साईतीर्थमध्ये मात्र त्यांचा चेहरा फुलला. 'द्वारकामाई'मध्ये साईबाबांची हलती-बोलती मूर्ती आहे. वडील पुढच्या रांगेत बसून तिच्याशी बोलत होते, मनातलं काहीबाही सांगत होते. आम्ही कुणी त्यांना थांबवलं नाही.

म्हणून माझं मत करवीरकन्याताईंच्या बाजूनं. ज्यांना घरी फारसं कुणी विचारत नाही, त्यांना तिथं आपलं काहीतरी मिळतं.

नातवंडांची_आजी:
मंडळी, मी हा धागा पहिल्यापासून वाचते आहे. सगळे आमच्याबद्दल बोलताय, म्हणून आता मीच लिहिते. वय बहात्तर, राहणार राजारामपुरी.

म्हाताऱ्या माणसाला देऊळच हवं, हे कुणी ठरवलं? मी देवाला जाते, रोज जाते, अंबाबाई हाकेच्या अंतरावर आहे. सहलीला मला देवळाची प्रतिकृती नको, माझं मन रमलं पाहिजे. वारकरी दादा, तुमच्या वडिलांचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांचं खरं, आणि हे माझं.

बाकावर बसायला मला वाईट वाटत नाही. चार घरची माणसं बघायला मिळतात. कुठं सुनेचं आणि सासूचं एका आइस्क्रीमवरून चाललेलं असतं, कुठं नवरा-बायको फोटोसाठी भांडत असतात. आणि नातू पाळण्यातून उतरला की धावत माझ्याकडं येतो, कारण त्याला ते पहिल्यांदा सांगायचं असतं ते मला. आई-बाप बरोबर बसलेले असतात, त्यांना काय सांगणार? न बसलेल्या माणसालाच ते सांगता येतं. ही जागा माझी आहे, ती मी आनंदानं राखते.

पण बाकाला सावली हवी. जवळ बाथरूम हवं. पाण्याची बाटली माझ्या हातात हवी, दुसऱ्याच्या पिशवीत नको. पिशव्या राखायला सांगू नका, लॉकर घ्या. पिशव्या राखणारं माणूस जागचं उठू शकत नाही. आणि अधूनमधून कुणीतरी येऊन विचारावं, आई, चहा घ्यायचा का? एवढं केलंत तर कुठल्याही पार्कात न्या.

आणि सुनांनो, आम्हाला विचारा. आमच्या वतीनं तुम्हीच ठरवू नका.

रंकाळ्याची_हवा:
आजी, पिशव्यांचं वाचलं आणि वडिलांना फोन लावला. पुढच्या खेपेला लॉकर.

पेठेतला_गडी:
आजी, साष्टांग दंडवत.

घनसाळ_आजरा:
वाचनखूण साठवली. आता माझा पर्याय. एवढ्या लांब जाण्याआधी कणेरी मठ करा. गोकुळ शिरगावच्या पुढं, शहरापासून अर्ध्या तासावर. काडसिद्धेश्वर स्वामींच्या कल्पनेतून तिथं सात एकरांवर जुनं गाव उभं केलंय, सगळं सिमेंटच्या पुतळ्यांमध्ये. बारा बलुतेदार, त्यांची अवजारं, बैलजोड्या, घरातली कामं. लोहाराच्या भात्यापाशी थांबा आणि दोरी ओढणाऱ्या पुतळ्याच्या दंडाची शीर बघा. सिमेंटमध्ये ती शीर काढणाऱ्या कारागिराचा हात किती चालला असेल!

आमच्या घरी तिथं उलटंच घडलं. आजोबा पुढं आणि नातवंडं मागं. मोटेपाशी नातवानं विचारलं, हे काय आहे? आजोबांनी नाडा आणि सोंदूर हे मोटेचे दोन दोर कसे, बैल मागं सरताना मोट पाण्यात कशी बुडते ते हातवारे करून सांगितलं. स्वतः लहानपणी मोट हाकलेला माणूस. तिथं न बसणारा असा कुणी राहतच नाही.

सांगलीची_हळद:
कणेरी छानच आहे, पण त्याला थीम पार्क म्हणता येईल का? पाळणा नाही, पाणी नाही. आठवीतलं पोरगं तासाभरात मोबाइल काढेल.

घनसाळ_आजरा:
थीम म्हणजे विषय, आणि तिथं विषय आहे, तो आपलाच. आठवीतल्या पोराला कुणी नुसतं सोडून दिलं तर तो मोबाइल काढेलच. उद्यमनगरी दादांनी नायट्रोच्या रांगेत जे केलं तेच इथं करायचं. बरोबर माहीतगार माणूस पाहिजे, मग सिमेंटचा लोहारही पुरतो.

उद्यमनगरी:
लोहाराच्या भात्यापाशी मी मुलाला अर्धा तास उभं केलं होतं. आपल्या कोल्हापूरच्या फाउंड्रीची मुळं तिथंच आहेत. भट्टीला हवा कशी लागते, कोळसा कसा पेटतो, लोखंड लाल आणि पिवळं यांत फरक काय, हे सगळं त्या एका पुतळ्यापाशी सांगता येतं. आजरेकरांशी सहमत.

पाण्यातली_मासोळी:
कुणी पाण्याचं लिहिलं नाही म्हणून लिहिते. इमॅजिकाचं वॉटर पार्क थीम पार्कच्या शेजारीच आहे, पण तिकीट आणि दिवस वेगळा धरा. दोन्ही एका दिवसात कोंबलंत तर धड एकही होत नाही. पाण्यात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचेच लागतात. सुती कापड पाणी धरतं, जड होतं, घसरगुंडीवर अडकतं आणि त्याचे धागे गाळणीत जातात. बायकांसाठी अंगभर पोहण्याचे कपडे मिळतात, ते घरूनच न्या. आमच्या सासूबाई लांब बाह्यांचा घालून लाटांच्या तलावात कडेला बसल्या, पायावर लाट आली की हसायच्या. लाटांचा तलाव हा मला तिन्ही पिढ्यांचा पाळणा वाटतो. काठाला घोटाभर पाणी, आत छातीभर. ज्याला जेवढं हवं तेवढं त्यानं जावं.

उन्हाळ्यात शिर्डीला ऊन कडक असतं, म्हणून मे महिन्यात जाणार असाल तर पाण्याला जास्त गुण द्या. खोपोली घाटाच्या पायथ्याशी, तिथं दमट. पावसाळ्यात गेलात तर विजा किंवा जोराचा पाऊस असताना उघड्यावरचे पाळणे थांबवतात, तेही लक्षात ठेवा.

करवीरकन्या:
मंडळी, किती मनापासून लिहिलंत! आजी, तुमचा प्रतिसाद मी काल रात्री आत्तींना मोठ्यानं वाचून दाखवला. पिशव्यांच्या वाक्याला त्यांनी मान डोलावली. मग मी सरळ विचारलं, आत्ती, तुम्हाला कुठं जायचंय? मला वाटलं होतं शिर्डी म्हणतील. त्या म्हणाल्या, "साईबाबांचं झालं माझं, लई ग्वाड झालं. आता त्या आकाशातल्या शिनेमात परत बसतो. आणि पाण्यात पाय सोडून बसतो. पोरं वरडत येतात नव्हं बाहीर, ते बगायचं हाय."

पार्कची किंमत न बसणाऱ्याच्या दिवसावरून करावी, हे माझं मत अजून तेच आहे. फक्त तो दिवस कसा हवा ते त्याच माणसाला विचारायचं, हे आजींनी त्यात घातलं.

तर बेत असा. मेच्या पहिल्या आठवड्यात, मधल्या वारी, खोपोली. एक दिवस थीम पार्क, मग मुक्काम, दुसऱ्या दिवशी फक्त पाणी. मुक्कामाला तळमजला लेखी मागणार. पोचल्या पोचल्या सगळ्यांनी मिळून आधी 'आय फॉर इंडिया'. त्याच्या दारावरचा सूचनाफलक वाचायचा, शिवाय आत्तींच्या मानेचं निघण्याआधी डॉक्टरांना विचारणार. मग मोठी पाच मुलं आमच्या ह्यांच्याबरोबर नायट्रोकडं. लहान भाचा, लेक आणि मी टबीकडं. जाऊबाई आणि नणंद आळीपाळीनं आत्तींबरोबर. लॉकर घ्यायचा. जेवायला सगळे एका टेबलावर, मग कुणाची कितीही रांग लागलेली असो. आणि नणंद गडहिंग्लजहून येईल त्याच रविवारी आधी कणेरी, मोटेपाशी आमच्या मामंजींच्या भावाला उभं करणार. त्यांनी मोट हाकली आहे.

लेकीची उंची अजून दोन बोटं कमी आहे. तिला आत्ताच सांगून ठेवलंय, तिथं जाऊन रडू नको म्हणून.

उद्यमनगरी:
बेत उत्तम. लेकीला 'गोल्ड रश एक्स्प्रेस'ची पट्टी तपासायला सांगा. तो घरच्या मंडळींसाठीचा लहान कोस्टर आहे, तिथं तिचा नंबर लागायची शक्यता बरीच जास्त. कोस्टर तो कोस्टरच, आधी वर चढतो आणि वजनानं खाली येतो.

शाहूपुरीतला_डॉक्टर:
मानेचं विचारून जाताय हे फार चांगलं. गुडघ्यांसाठी चाकाची खुर्ची मिळते का ते पार्कात आधी फोन करून विचारा. आत अंतरं बरीच आहेत, चालण्यातच माणूस दमतो. खुर्ची वापरण्यात कमीपणा नाही, हे घरी आधीच बोलून ठेवा.

नातवंडांची_आजी:
तुमच्या आत्तींना माझा नमस्कार सांगा. पाण्यात बसताना डोक्याला ओला पंचा बांधायला सांगा. आणि गोल्ड रशला लेक बसली तर तिला आधी आत्तींकडं पळत येऊ दे, तुम्ही मध्ये विचारू नका.

पेठेतला_गडी:
वहिनी, चौदा-पंधरा माणसं म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलर लागणार. आमच्या तालमीजवळचा एक डायव्हर हाय, घाटात गाडी अशी चालवतो की झोपलेलं पोरगं जागं होत न्हाई. नंबर देऊ का? आणि भडंग जयसिंगपूरचंच घ्या.

करवीरकन्या:
दादा, नंबर व्यनि (खासगी निरोप) करा. मधल्या वाराचं भाडं आणि ड्रायव्हरच्या मुक्कामाचं काय, तेही विचारून ठेवा. भडंग दोन्हीकडचं घेणार आहे.